क्रेडिट म्हणजे ‘ती विश्वास ठेवते’



आज आम्ही तुम्हाला एका शब्दाचा इतिहास सांगणार आहोत. शब्द तुमच्या ओळखीचाच आहे. गटाचं पासबुक उघडा. एका रकान्यावर ‘डेबिट’ आणि दुसऱ्यावर ‘क्रेडिट’ छापलेलं दिसेल. मराठी पासबुकात तिथेच ‘नावे’ आणि ‘जमा’ असतं. कर्ज मागायला गेलं की साहेब विचारतात, क्रेडिट स्कोअर किती? पतसंस्थेच्या पाटीवर ‘को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटी’ असं लिहिलेलं असतं. खात्यात पैसे आले की मोबाईलवर निरोप येतो, ‘क्रेडिटेड’. इतक्या वेळा कानावर पडणारा हा शब्द आला कुठून, आणि त्याचा मूळ अर्थ काय?

इंग्रजीतून तो आपल्याकडे आला, पण इंग्रजीचा तो माहेरचा नाही. त्याचं माहेर आहे रोम. आजच्या इटली देशातलं हे शहर दोन हजार वर्षांपूर्वी मोठ्या साम्राज्याची राजधानी होतं. तिथली भाषा लॅटिन. त्या भाषेत एक क्रियापद होतं, ‘क्रेडेरे’. ‘क्रेडो’ म्हणजे मी विश्वास ठेवते. ‘क्रेडिस’ म्हणजे तू विश्वास ठेवतेस. आणि ‘क्रेडिट’ म्हणजे ती विश्वास ठेवते. ‘तो विश्वास ठेवतो’ म्हणायचं असलं तरी रूप हेच, कारण लॅटिन क्रियापदात बाई-पुरुष असा भेद दिसत नाही. आपल्या पासबुकातला शब्द खरं तर याच क्रियापदाच्या ‘क्रेडिटुम’ या रूपावरून आला. त्याचा अर्थ विश्वासाने सोपवलेली वस्तू. पण जुन्या रोममधल्या बाईने आपलं पासबुक हातात घेतलं असतं, तर जमेच्या रकान्यावर तिला ‘ती विश्वास ठेवते’ असंच लिहिलेलं दिसलं असतं.

या एका क्रियापदात तीन अर्थ नांदत होते. पहिला, एखाद्याचं बोलणं खरं मानणं. दुसरा, आपली वस्तू कुणाच्या तरी हाती सोपवणं. आणि तिसरा, पैसे कर्जाऊ देणं. आपल्याला हे तीन वेगळे वाटतात. पण शेजारणीला पायलीभर ज्वारी उसनी देताना आपण काय करतो? ‘सुगीला परत करते’ हे तिचं बोलणं खरं मानतो, ज्वारी तिच्या हाती सोपवतो आणि परत येण्याची वाट पाहतो. तिन्ही गोष्टी एकाच वेळी होतात. रोमच्या लोकांनी त्यांना एकच शब्द ठेवला होता.

आता एक नातं सांगतो, ते ऐकून तुम्हाला नवल वाटेल. संस्कृत आणि लॅटिन या भाषा एकाच जुन्या घरातल्या बहिणी मानल्या जातात. त्यामुळे त्यांचे कितीतरी शब्द एकमेकींशी जुळतात. लॅटिनच्या ‘क्रेडो’ची संस्कृतमधली सख्खी बहीण आहे ‘श्रद्धा’. ‘श्रत्’ आणि ‘धा’ असे तिचे दोन भाग. ‘धा’ म्हणजे ठेवणं. आपण मराठीतही विश्वास ‘ठेवतो’ असंच म्हणतो. ‘क्रेडो’चेही तसेच दोन भाग आहेत आणि ते याच मुळांपासून आलेले आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात श्रद्धेला देवता मानून रचलेलं एक सूक्त आहे. म्हणजे देवघरातली श्रद्धा आणि बँकेतलं क्रेडिट एकाच मुळापासून फुटले. एक फांदी देवाकडे गेली, दुसरी पैशाकडे.

पैशाकडे गेलेल्या फांदीला काटे फार होते. रोममध्ये कर्ज देणाऱ्याला ‘क्रेडिटोर’ म्हणत, म्हणजे विश्वास ठेवणारा. नाव गोड होतं, पण व्यवहार तसा नव्हता. सुरुवातीच्या काळात तिथे ‘नेक्सुम’ नावाची पद्धत होती. शेत किंवा दागिना तारण ठेवावा तसं कर्जदार स्वतःचं शरीर तारण ठेवायचा. कर्ज फिटलं नाही तर सावकाराच्या घरी राबायचं, प्रसंगी बेड्यांत. लिव्ही नावाच्या रोमन इतिहासकाराने एका तरुणाची हकीकत लिहून ठेवली आहे. बापाच्या कर्जापायी हा मुलगा सावकाराकडे अडकला. सावकाराने त्याचा छळ केला, फटके मारले. मुलगा तसाच रस्त्यावर आला. त्याच्या पाठीवरचे वळ पाहून लोक गोळा झाले आणि राज्यकर्त्यांना कायदा बदलावा लागला. लिव्हीने हे वर्ष इसवी सनापूर्वी ३२६ असं दिलं आहे. यापुढे कर्जासाठी माणसाचं शरीर नव्हे, त्याची मालमत्ता बांधील राहील, असं ठरलं.

ही गोष्ट दूरची वाटेल, पण आपल्या देशात वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालचा आहे. बापाच्या कर्जापायी मालकाच्या शेतावर राबणारी मुलं आपल्या आजी-पणजीने पाहिली आहेत. विश्वासाच्या नावाने सुरू झालेला व्यवहार माणसाला कुठवर नेऊ शकतो, हे रोममध्ये जसं कळलं तसं आपल्याकडेही कळलं. ‘विश्वास पानिपतात गेला’ असं आपण म्हणतो, त्यामागे असे अनुभवच असतात.

आता बायकांचं पाहू. रोमच्या बायका घर चालवत, काही जणी धंदाही करत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात तिथल्या सिनेटने, म्हणजे वडीलधाऱ्या पुरुषांच्या सभेने, एक ठराव केला. बाईने दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहू नये, राहिली तरी ते धरलं जाणार नाही. वरवर पाहता यात बाईची सोय होती. नवऱ्याच्या किंवा भावाच्या कर्जाखाली तिचं स्त्रीधन बुडू नये, असा उपयोग त्याचा होत असे. पण बायका स्वभावाने दुबळ्या, त्यांना व्यवहार कळत नाही, असंही कारण त्याला जोडलं गेलं. याचा परिणाम असा की ज्या बाईचा शब्द कायद्यात टिकत नाही, तिच्या शब्दावर पैसे कोण देणार? संरक्षणही मिळालं आणि दारही बंद झालं. हा नियम रोमबरोबर संपला नाही. तेराव्या शतकात स्पेनमध्ये राजा दहावा आल्फोन्सो याने जो मोठा कायदेग्रंथ करवून घेतला, त्यातही तो आला. फ्रान्समध्ये राजा चौथा हेन्री याने १६०६ साली तो रद्द केला.

रोमचं साम्राज्य मोडलं, पण लॅटिन भाषा एकदम मेली नाही. गावोगावी ती बोलता बोलता बदलत गेली. प्राकृतातून जशी मराठी झाली, तशा लॅटिनमधून इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, रोमानियन अशा भाषा झाल्या. आईचं क्रियापद प्रत्येक लेकीने सोबत नेलं. इटालियनमध्ये ते ‘क्रेदेरे’ राहिलं. स्पॅनिशमध्ये मधला ‘द’ गळून ‘क्रेएर’ झालं. पोर्तुगीजमध्ये आणखी आखडून ‘क्रेर’ झालं. फ्रेंचमध्ये ते इतकं बदललं की ओळखू येऊ नये, तिथे म्हणतात ‘क्रुआर’. रोमानियनमध्ये ‘क्रेदे’.

रूपं बदलली, तसा अर्थही सरकला. या लेकींनी रोजच्या बोलण्यात ‘विश्वास ठेवणं’ आणि ‘मला वाटतं’ एवढेच अर्थ प्रामुख्याने ठेवले. कर्ज देण्यासाठी वेगळी क्रियापदं रूढ झाली. मन एकीकडे गेलं, पैसा दुसरीकडे. तरीही जुनं नातं पूर्ण तुटलं नाही. फ्रेंचमध्ये ‘क्रुआयांस’ आणि ‘क्रेआंस’ असे दोन शब्द आहेत. दोन्ही एकाच शब्दाचे दोन उच्चार. पण ‘क्रुआयांस’ म्हणजे श्रद्धा आणि ‘क्रेआंस’ म्हणजे येणं असलेलं कर्ज. एकाच घरातल्या दोन भावांनी वाटण्या कराव्यात, तसं झालं.

इटलीतली गंमत तर स्वयंपाकघरातली आहे. तिथे ‘क्रेदेन्झा’ म्हणजे विश्वास. श्रीमंतांच्या घरी जेवणात कुणी विष घातलं नाही ना, याची खात्री करायला नोकर आधी चाखून पाहायचा. त्या चाखण्यालाही ‘क्रेदेन्झा’ म्हणू लागले, कारण त्यातून धन्याला विश्वास यायचा. मग जिथे हे व्हायचं त्या टेबलाला आणि शेवटी भांडी-ताटं ठेवायच्या कपाटाला तेच नाव पडलं. आणि ‘आ क्रेदेन्झा’ घेणं म्हणजे उधारीवर घेणं. विश्वास, कपाट आणि उधारी, सगळं एकाच शब्दात.

आपल्याला शासनाकडून मिळणारी ‘ग्रँट’ही याच घरातली आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘क्रेआंते’ म्हणजे खात्री देणं, वचन देणं. त्यातला ‘क’ बोलता बोलता ‘ग’ झाला आणि इंग्रजीत तो शब्द ‘ग्रँट’ झाला. म्हणजे ग्रँट हे मुळात दिलेलं वचन आहे.

मग पैशाचा ‘क्रेडिट’ परत कसा आला? तो आणला इटलीच्या व्यापाऱ्यांनी. व्हेनिस, फ्लॉरेन्स या शहरांतले व्यापारी दूरदूर माल पाठवायचे. रोख घेऊन फिरणं धोक्याचं, म्हणून सगळा व्यवहार वहीवर आणि शब्दावर चाले. त्यांनी जुना लॅटिन शब्द उचलला आणि त्याला ‘क्रेदितो’ म्हटलं. तिथून तो पंधराव्या शतकात फ्रेंचमध्ये आणि सोळाव्या शतकात इंग्रजीत गेला. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या धर्मगुरूने गणिताचं पुस्तक छापलं. व्हेनिसचे व्यापारी प्रत्येक व्यवहार वहीत दोन ठिकाणी कसा लिहितात, हे त्याने त्यात समजावून सांगितलं. आपल्या नावे-जमेची पद्धत तीच.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आपण बँकेत पाचशे रुपये भरले तर ते ‘क्रेडिट’ रकान्यात का लिहितात? कारण ते पान बँकेच्या वहीतलं आहे. आपण बँकेवर विश्वास ठेवून पैसे सोपवले, म्हणून आपण ‘क्रेडिटोर’ झालो आणि बँक आपली देणेकरी. खिडकीपाशी उभं राहताना आपल्याला वाटतं की आपण मागायला आलो आहोत. पण आपली बचत तिथे असेल, तर तेवढ्या रकमेपुरती मागणारी बँक आहे आणि विश्वास टाकणाऱ्या आपण आहोत.

पोर्तुगीज भाषेत या शब्दाने पूर्ण फेरा घेतला. तिथे पैशाच्या ‘क्रेदितु’वरून ‘आक्रेदितार’ असं नवं क्रियापद झालं आणि आज पोर्तुगीज माणूस रोजच्या बोलण्यात ‘विश्वास ठेवणं’ यासाठी तेच वापरतो. मनातून पैशात गेलेला शब्द पैशातून परत मनात आला. पोर्तुगीजांचं राज्य गोव्यात १५१० ते १९६१ होतं. तिथल्या चर्चमध्ये ‘क्रेडो’ या शब्दाने सुरू होणारी लॅटिन प्रार्थना शतकानुशतकं म्हटली गेली. पण गोव्याच्या ख्रिस्ती बायकांनी आपल्या कोकणीत श्रद्धेसाठी परका शब्द घेतला नाही. त्या ‘भावार्थ’ म्हणतात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या साऱ्या भाषांत ‘ती विश्वास ठेवते’ हे वाक्य रोज बोललं गेलं. बाईने देवावर विश्वास ठेवावा, नवऱ्यावर ठेवावा, राजावर ठेवावा. पण ‘तिच्यावर विश्वास ठेवतात’ हे वाक्य व्यवहारात यायला फार काळ लागला. इटलीत लग्न झालेल्या बाईला कर्ज घ्यायचं किंवा मालमत्ता विकायची तर नवऱ्याची परवानगी लागे. ही अट १९१९ साली गेली. फ्रान्समध्ये नवऱ्याच्या संमतीशिवाय स्वतःच्या नावाने बँकेत खातं उघडण्याचा हक्क १९६५ च्या कायद्याने मिळाला. स्पेनमध्ये नवऱ्याच्या परवान्याची अट १९७५ पर्यंत होती. ज्या देशांनी जगाला ‘क्रेडिट’ हा शब्द दिला, तिथली ही गोष्ट.

पण दार उघडायची वाट न पाहता कामाला लागलेल्या बायकाही होत्या. कॅनडा देशात क्वेबेक नावाचा फ्रेंच बोलणारा प्रांत आहे. तिथल्या लेव्ही गावात आल्फोंस देजार्दें या गृहस्थाने १९०० साली शेतकरी-कामकऱ्यांसाठी एक बचत संस्था काढली. तिला नाव दिलं ‘केस पोप्युलेर’. ‘केस’ म्हणजे पेटी. लोकांची पेटी. आपल्या गटाची पेटी असते ना, तशीच. अगदी काही सेंटची बचतही तिथे घेतली जायची. संस्थेचा कारभार सुरुवातीला त्यांच्या घरातूनच चाले. आल्फोंस यांची नोकरी दूर ओटावा शहरात, तिथल्या संसदेत. ते महिनोन्महिने तिकडे असत. तेव्हा पेटी सांभाळायची कुणी? त्यांच्या पत्नी दोरिमेन यांनी. पदरी मुलंबाळं, घरचा सगळा रगाडा, आणि त्यातच वह्या लिहिणं, पैसे घेणं-देणं. सहकाराचा कायदा त्या प्रांतात १९०६ साली झाला. तोपर्यंत लोकांचे पैसे बुडाले तर घरावर येईल, ही टांगती तलवार होती. आज ती देजार्दें संस्था कॅनडातल्या मोठ्या सहकारी वित्तसंस्थांपैकी एक आहे. आणि हे ऐका. क्वेबेकमध्ये लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय कायदेशीर व्यवहार करता येत नसे. ते बंधन १९६४ साली उठलं. म्हणजे गावाचा पैसा दोरिमेनच्या हाती सुरक्षित होता, पण तिची एकटीची सही कायद्याला पुरेशी नव्हती.

आपल्याकडे सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ साली झाला. त्या ‘क्रेडिट’ला मराठीने शब्द जोडला तो ‘पत’. आपल्या भाषेचं हे शहाणपण आहे. ‘पत’ म्हणजे बाजारात उधार मिळण्याची ऐपत आणि ‘पत’ म्हणजे चारचौघांत असलेली इज्जतही. लॅटिनच्या लेकींनी वेगळे केलेले अर्थ मराठीने एकत्र ठेवले. पुढे १९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली. तारण ठेवायला सातबारा नाही, दागिने नाहीत, अशा बायकांना कर्ज मिळू लागलं. बँकेला तारण काय दिलं? दर महिन्याला भरलेली बचत, नियमित बैठक, नीट लिहिलेली वही आणि एकमेकींचा शब्द. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘क्रेडेरे’चा मूळ अर्थ हाच.

म्हणूनच हा शब्द आपण सांभाळून वापरायला हवा. आज दारात येऊन कर्ज देणारे पुष्कळ आहेत. कर्ज तिच्या नावाने, पैसा वापरणार दुसरा कुणी, आणि हप्ता चुकला की दार वाजतं ते तिचंच, असं घडताना आपण पाहतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे, वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. ‘नुसती सही कर’ असं कुणी म्हणालं तरी ती नुसती सही नसते. रोमच्या सिनेटने बाईला जामीन राहायची बंदी केली, तसली बंदी आपल्याला नको. आपल्याला हवा तो ठरवायचा हक्क. विश्वास टाकायचा हक्क आपला, तसा ‘नाही’ म्हणायचा हक्कही आपलाच.

यासाठी पुढच्या बैठकीत तीन कामं करता येतील. पहिलं, प्रत्येकीने आपल्या नावावर कोणकोणती कर्जं आहेत आणि आपण कुणाला जामीन आहोत, हे कागदावर मांडावं. दुसरं, आपला क्रेडिट अहवाल पाहावा. सिबिलसारख्या संस्था तो ठेवतात, त्यात ३०० ते ९०० असा आकडा असतो, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. आपल्या नावावर न घेतलेलं कर्ज दिसलं किंवा फेडलेलं कर्ज अजून बाकी दाखवलं असेल, तर दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो. तिसरं, गटाची वही सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही आपल्या नावापुढचा आकडा ऐकू येऊ द्यावा. लपलेल्या वहीवर विश्वास टिकत नाही.

बैठकीत कुणी विचारलं, ‘क्रेडिट म्हणजे काय गं?’ तर आता आपल्याकडे उत्तर आहे. ‘ती विश्वास ठेवते’ हा त्याचा जुना अर्थ. आणि गटातल्या बायकांनी महिन्याच्या महिन्याला बचत भरून त्याला जोडलेला अर्थ, ‘तिच्यावर विश्वास ठेवतात’.

पुढच्या भागात भेटू. तोवर नमस्कार.